चिंबोऱ्या, चढत्या क्रमाने

हौशी आत्याची वही एक्याण्णव सालची.
पुठ्ठ्यावर खाऱ्या पाण्याचा डाग,
आत तारीख नाही, भाव नाही,
नुसते आकडे : अकरा, तेरा, साडेबारा.
कवचाची रुंदी, या काट्यापासून त्या काट्यापर्यंत.
वाशीच्या एजंटाने लाकडी पट्टी दिली होती तिला.
पट्टी हरवली, आकडे राहिले.
एकसष्ट.

माझ्या वहीत दोनशे चार.
दिवाळ्याच्या जेटीवर गेलं वर्षभर
रबरी हातमोजे घालून मी मोजत होते
दुसऱ्यांच्या पाटीतल्या चिंबोऱ्या,
नांग्या सुतळीने बांधलेल्या,
डोळे तेवढे देठांवर मोकळे.

सरांना सरासरी हवी होती.
काढली. बोटभर फरक.
सर म्हणाले, झालं, लिहून टाक, घटल्या.
पण सरासरी म्हणजे कालवण.
एकदा रटरटलं
की कुठली नांगी कुणाची, सांगा बघू.

म्हणून रांगा लावल्या.
तिच्या एकसष्ट, बारकीपासून थोरलीपर्यंत,
माझ्या दोनशे चार, तशाच.
रांगा लहानमोठ्या असल्या तरी अडत नाही :
तिच्या रांगेत पाव वाटेवर जी उभी
तिला माझ्या रांगेतली पाव वाटेवरची भेटते,
मधलीला मधली,
शेवटचीला शेवटची.
दर भेटीचा एक ठिपका.
आडवं अंतर आत्याचं, उभं माझं,
आणि कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरपी रेघ.
खाडी होती तशीच असती
तर ठिपके या रेघेवर येऊन बसले असते,
होडीच्या दोरावर कुरव बसतात तसे.

नाही बसले.
खालचे रेघेखाली घसरलेले,
मधले जरासे चुकलेले,
वरचे तर मान टाकून.

कागद ओटीवर पसरला.
आत्या जाळ्याची गाठ दातात धरून वाकली.
हे ठिपके कंच्या गावचे, म्हणाली.
सांगितलं.
तिने खालच्या टोकावर नख ठेवलं.
“नवाच्या आतली एक पन नाय माजी.
बारकी कोन लिवतंय पोरी?
त्या घरात खाल्ल्या.
कमळाकराला दात येत व्हते,
नांगी चोखायला द्यायची.”

एवढं कुठल्याच सूत्रात नव्हतं.
मी लिहायला बसले होते
की खाडीत पिल्लं वाढली,
त्यावर एक परिच्छेदही तयार होता.
कमळाकरदादा आता उलव्याला क्रेन चालवतो,
दात शाबूत आहेत.

रात्री माझ्याही नवाच्या आतल्या
सव्वीस चिंबोऱ्या बाजूला काढल्या.
उरल्या एकशे अठ्ठ्याहत्तर.
पुन्हा रांग, पुन्हा भेटी.
या खेपेस खालचे ठिपके रेघेला चिकटले,
मधलेही आले मुकाट,
सरासरीतला बोटभर फरक
केसाएवढा उरला.
सरांच्या हिशेबाने आता काहीच घडलेलं नव्हतं.

पण वरचे सात ठिपके
तसेच, रेघ सोडून खाली.
तेरापर्यंत ठीक,
चौदाला रेघ वर निघून जाते
आणि ते वाटेत थांबतात.

सकाळी तिला दुसरा कागद दाखवला.
मोठ्या लिहायच्या राहिल्या असतील का गं तुझ्या?
“मोठी कशी राहील?
मोठीचेच तर पैसे.”

मग अगदी शेवटचा ठिपका विचारला तिने.
त्यात दोघी आहेत, म्हटलं.
तुझी सगळ्यात थोरली आणि माझी सगळ्यात थोरली.
तुझी अठराची,
माझी साडेचौदाची.
एकाच टिंबात.

आत्या बराच वेळ बघत राहिली.
अठराची तिला आठवत होती.
पाटीत मावेना म्हणून पदरात घेतली,
घरी येईस्तोवर लुगडं फाडलं तिने,
एजंट म्हणाला, फाटक्याचे पैसे नाय मिलनार.

बोलता बोलता तिचं ओलं बोट कागदावर टेकलं,
शाई पसरली.
शेवटचा ठिपका आता
वाटाण्याएवढा.
पुसू नको, म्हणाली.
सरांना तोच कागद दिला.